कायदा कडक, पंचनामा कच्चा

२०२५ चा जुलै महिना महाराष्ट्रानं फार लवकर विसरायचं ठरवलेलं दिसतं. १० तारखेला विधानसभेनं विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं. माकपचा एकटा आमदार सोडला तर विरोध नोंदवायला कोणी उभं राहिलं नाही. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सगळ्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयानं फाशी सुनावली होती, आणि बारांपैकी एक जण निकाल ऐकायला जिवंतही नव्हता. ३१ तारखेला विशेष न्यायालयानं २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची मुक्तता केली. म्हणजे तीन आठवड्यांत राज्यानं एक नवा कडक कायदा केला आणि जुन्या कडक कायद्यांखाली चाललेले दोन मोठे खटले गमावले. या तीन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मात्र फारसं कोणाला वाटलं नाही.

त्याऐवजी चर्चा झाली ती आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. २१ तारखेला जे हळहळले ते ३१ तारखेला पेढे वाटत होते, आणि २१ तारखेला ज्यांनी न्यायव्यवस्थेचे आभार मानले त्यांना दहा दिवसांनी तीच व्यवस्था विकली गेल्यासारखी वाटली. जनसुरक्षा विधेयकावर तर दोनच बाजू शिल्लक राहिल्या. एक म्हणे, कायदा नसेल तर शहरी नक्षलवाद राज्य पोखरून काढेल. दुसरी म्हणे, कायदा आला म्हणजे आणीबाणीच आली. दोन्ही बाजूंचा एका गोष्टीवर मात्र ठाम विश्वास आहे: देशाची सुरक्षा कायद्याच्या पुस्तकात असते. माझा मुद्दा एवढाच आहे की ती तिथे नसते. ती पोलीस ठाण्यात असते, घटनास्थळाच्या पंचनाम्यात असते, मुद्देमालाच्या सीलबंद पुडीत असते, गस्तीच्या बोटीत भरलेल्या डिझेलमध्ये असते. या गोष्टी कच्च्या असतील तर कायदा कितीही कडक करा, आरोपी सुटतो किंवा निरपराध माणूस अडकतो. बऱ्याचदा दोन्ही एकदम होतं.

कायद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. कटाचे खटले साध्या खुनाच्या खटल्यासारखे नसतात. साक्षीदार घाबरतात, पुरावा चार राज्यांत पसरलेला असतो, सूत्रधार कधी हाताला लागत नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डरांना, व्यापाऱ्यांना, सिनेमावाल्यांना खंडणीचे फोन यायचे आणि भर रस्त्यात गोळीबार व्हायचे. ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना १९९९ चा मकोका, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, निव्वळ जुलमाचा वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही. टोळ्यांचं कंबरडं मोडण्यात त्याचा वाटा होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिनाभराच्या आत संसदेनं राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी करणारा कायदा केला, हेही योग्यच झालं. सीमा ओलांडणाऱ्या गुन्ह्याचा तपास एका जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकावर सोडता येत नाही. जनसुरक्षा विधेयकाबाबत सरकारचा युक्तिवाद असा की बंदी घातलेल्या संघटना नावं बदलून उघडपणे काम करतात, यूएपीए या केंद्राच्या बेकायदा कृत्यांविरोधी कायद्याला ते पकडणं जड जातं, आणि छत्तीसगड, आंध्र, तेलंगणा, ओडिशात असे कायदे आधीच आहेत. संयुक्त समितीनं मूळ मसुद्यातली काही धार कमी केली, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. हे सगळं खरं धरून चालू.

विरोधकांचंही खरं आहे, आणि इतिहास त्यांच्या बाजूनं अधिक बोलतो. आपल्याकडे असा प्रत्येक कायदा ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापेक्षा इतरांनाच जास्त लागला. १९१९ चा रौलट कायदा क्रांतिकारकांसाठी होता. त्यातून अमृतसरचं जालियनवाला बाग घडलं. १९७१ चा मिसा, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणारा कायदा, हेर आणि तस्करांसाठी म्हणून सांगितला गेला. चार वर्षांनी त्याखाली येरवड्यात, नाशिकमध्ये कोण कोण बसलं होतं ते महाराष्ट्रातल्या जुन्या समाजवाद्यांच्या आणि संघाच्या घरांत आजही सांगितलं जातं. १९८५ चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा पंजाबसाठी आला आणि दहशतवादाची चळवळच नसलेल्या गुजरातेत त्याखाली हजारो माणसं धरली गेली. दहा वर्षांनी तो संपला तेव्हा दोषसिद्धीचं प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास होतं. हा कायदा करणाऱ्या पक्षाचे वारस आज जनसुरक्षा विधेयकाला लोकशाहीचा गळा घोटणारं म्हणतात, आणि मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांचे वारस ते मांडतात. बाजू बदलल्या की भाषणंही बदलतात. तरी 'सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा आणण्याची प्रवृत्ती' अशा सैल शब्दांत गुन्हा बसवला की तो मोर्चालाही लागू शकतो, ही भीती त्यामुळे खोटी ठरत नाही.

पण विरोधक एक वाक्य फार सहज बोलून जातात: 'आहेत ते कायदे पुरेसे आहेत.' पुरेसे आहेत तर मग लोकल खटल्याचं काय झालं? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं मेली. आरोपींवर मकोका लागला. पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरणारा कायदा हाताशी होता, जामीन जवळपास अशक्य होता, तपास खास दहशतवादविरोधी पथकाकडे होता. याहून कडक काय हवं? तरी एकोणीस वर्षांनी उच्च न्यायालयाला काय दिसलं? कबुलीजबाब छळ करून घेतल्याचा संशय, आणि त्यांतले मजकूर एकाचं पाहून दुसरं लिहावं इतके सारखे. आरोपींना टॅक्सीतून सोडलं म्हणणाऱ्या चालकांनी शंभराहून अधिक दिवस कोणाला काही सांगितलं नाही. ओळख परेड घेणाऱ्या माणसाला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त केलेला माल नीट सील करून जपलेला नव्हता. आणि सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. सात बॉम्ब फुटले, शेकडो लोकांनी ऐकले, आणि ते कशाचे होते याचं उत्तर न्यायालयाच्या कागदावर नाही.

मालेगावच्या २००८ च्या निकालात नावं वेगळी, धर्म वेगळा, पण रोग तोच. सतरा वर्षं, तीनशेवर साक्षीदार, त्यातले तीसहून अधिक फितूर. स्फोट ज्या मोटारसायकलमध्ये झाला असं म्हटलं गेलं तिची मालकी सिद्ध झाली नाही, बॉम्ब तिच्यातच होता हेही झालं नाही. घटनास्थळाचं रेखाटन नीट नाही, बोटांचे ठसे नाहीत, नमुने दूषित झालेले. यूएपीएखाली खटला चालवायला जी मंजुरी लागते तीच सदोष. त्याच गावातल्या २००६ च्या स्फोटाची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. तिथे राज्याच्या पथकानं मकोकाखाली नऊ मुस्लिम तरुण पकडले, ते पाच वर्षं आत राहिले, मग राष्ट्रीय यंत्रणेनं सगळं कथानकच उलटं सांगितलं आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. एका गुन्ह्याच्या दोन सरकारी गोष्टी, दोन्ही एकमेकींना खोटं ठरवणाऱ्या. आता ज्यांना लोकलचा निकाल आवडला आणि मालेगावचा नाही, किंवा उलट, त्यांना एकच विचारायचं आहे: तुमच्या आवडत्या आरोपपत्रातला पंचनामा दुसऱ्यापेक्षा चांगला होता का?

ज्यानं कधी पंच म्हणून सही केली आहे त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. ठाण्याबाहेरच्या टपरीवरचा ठरलेला माणूस पंच म्हणून येतो. कागद आधीच लिहिलेला असतो. पुडीवरची लाख कधी लागली ते कोणाला आठवत नाही. साध्या चोरीत हे चालून जातं, कारण तिथे कोणी एकोणीस वर्षं उलटतपासणी घेत नाही. पण सवय तीच राहते, आणि दहशतवादाच्या खटल्यात कोणी वेगळे हात येत नाहीत. उलट, कडक कायदा या सवयीला आसरा देतो, आणि माझ्या मते हे त्याचं सगळ्यांत मोठं नुकसान आहे. कबुलीजबाबावर खटला उभा राहणार असेल तर ठसे कशाला शोधायचे? जामीनच मिळणार नसेल तर आरोपपत्राची घाई कशाला? १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी पोलिसांपुढची कबुली ग्राह्य धरू नये असं कलम घातलं, ते काही आपल्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. आपले शिपाई कबुली कशी मिळवतात ते त्यांना ठाऊक होतं. परक्या राज्यानं आपल्या पोलिसांवर जो अविश्वास दाखवला, तो स्वतंत्र देशानं टाडा, त्यानंतरचा दहशतवादविरोधी कायदा पोटा, आणि मकोकात काढून टाकला. पोलीस मात्र १८६१ च्या पोलीस कायद्याच्या साच्यातलेच राहिले.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे: कसाब. तोही महाराष्ट्रातच पकडला गेला, त्याच्यावर इथेच खटला चालला आणि शिक्षा टिकली. अगदी बरोबर. पण तो खटला कशावर उभा होता ते पाहा. मकोका लावलेला नव्हता. पोलिसांपुढच्या कबुलीवर काही अवलंबून नव्हतं. सीएसटीवर काढलेली छायाचित्रं, सीसीटीव्ही, जखमी प्रवाशांच्या साक्षी, डीएनए, जीपीएस, कराचीशी झालेल्या फोनचं ध्वनिमुद्रण, यावर तो उभा होता. सर्वोच्च न्यायालयात त्याला वकील सरकारी खर्चानं मिळाला. त्याच्यासोबतचे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि ते सुटले म्हणूनच कसाबच्या शिक्षेकडे जगात कोणी बोट दाखवू शकलं नाही. नोव्हेंबर २००८ ते नोव्हेंबर २०१२, चार वर्षांच्या आत सगळं संपलं. जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचा खटला सोपा असतो, हेही मान्य. पण त्याला जिवंत पकडलं कोणी? गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून पुढचा सगळा पुरावा शक्य झाला. त्यांचा पुतळा आपण उभारला. हातात काठीच का होती, हा प्रश्न मात्र पुतळ्याच्या चौथऱ्याखाली गेला.

समुद्राची कहाणीही याच वळणाची आहे, आणि कोकणातल्या माणसाला ती जास्त बोचते. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीत आरडीएक्स उतरलं. टाडा तेव्हा आठ वर्षांचा झाला होता. माल उतरला तो कायद्यात पळवाट होती म्हणून नव्हे, तर कस्टम आणि पोलिसांतल्या माणसांनी पैसे खाल्ले म्हणून. त्यांना पुढे शिक्षाही झाल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पंधरा वर्षांनी 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी बोट पळवून दहा जण आले आणि बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. म्हणजे किनाऱ्यावर पहारा होता, फक्त तो सरकारी नव्हता. त्यानंतर कायदे झाले, सागरी पोलीस ठाणी वाढली, स्पीडबोटी आल्या, 'सागर कवच' सराव सुरू झाले. मग ३१ जुलै २०११ ला 'पवित' नावाचं खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं जहाज निर्मनुष्य तरंगत तरंगत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ते नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस या तिघांच्याही नजरेतून सुटलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-४७ असलेली एक मोडकी नौका लागली. चौकशीत ती निरुपद्रवी निघाली. परदेशी मालकाची, वादळात सोडून दिलेली. पण हरिहरेश्वर शेखाडीच्याच तालुक्यात आहे. एकोणतीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर बंदुका आल्या आणि त्या आधी दिसल्या त्या गावकऱ्यांना. या तीस वर्षांत आपण किती कायदे केले?

'पण गडचिरोलीत तरी कठोरपणाच कामी आला ना?' असं विचारलं जातं. कठोरपणा कामी आला, कायदा नाही. ज्या छत्तीसगडच्या २००५ च्या कायद्याचा हवाला विधानभवनात दिला जातो, तो लागू असतानाच एप्रिल २०१० मध्ये ताडमेटलात ७६ जवान मारले गेले. महाराष्ट्रात असा कायदा नव्हता. इथे १९९० पासून पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक होतं. त्यात स्थानिक, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल ओळखणारी मुलं घेतली गेली. त्या पथकावरही आरोप झाले आहेत, ते झाकायचं कारण नाही. तरी दलाची बरीचशी ताकद त्या स्थानिकपणातून आली. त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावानं आपला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. ज्या बांबूसाठी वनखात्याच्या गार्डपुढे हात जोडावे लागत, तो ग्रामसभेच्या मालकीचा झाला. नक्षलवाद्यांची सगळ्यांत जुनी तक्रारच यातून निकालात निघाली. आणि जिथे नेहमीची शिस्त सुटली तिथे काय झालं? १ मे २०१९ ला जांभुळखेड्यात खासगी गाडीतून निघालेलं शीघ्र कृती पथक सुरुंगात सापडलं. पंधरा पोलीस आणि चालक गेले. अशा भागात गाडीनं कसं जायचं, कसं नाही, याचे नियम पोलीस दलानंच केलेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला, तो काही तीन महिन्यांपूर्वीच्या विधेयकाला घाबरून नव्हे. चळवळ आतून पोखरली गेली होती, भरती थांबली होती, रस्ते आत पोहोचले होते.

शेवटचा आक्षेप पैशाचा. गरीब देश आहे, एवढे पोलीस, एवढ्या प्रयोगशाळा कुठून आणायच्या. कायदा निदान स्वस्त तरी आहे. हा प्रामाणिक आक्षेप आहे, म्हणूनच धोकादायक. कायदा स्वस्त असतो म्हणूनच सरकारं तो करतात. बातमी त्याच दिवशी होते आणि अंदाजपत्रकात काही मांडावं लागत नाही. पोलिसांची देशभरात साधारण पाचातली एक जागा रिकामी आहे. पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या धर्मवीर आयोगानं १९७७ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे लोकल स्फोटांनंतर अडीच महिन्यांच्या आत, सात आदेश दिले. त्यातला एक आदेश असा होता की गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था या कामांची माणसं वेगळी करा. एवढं एक झालं असतं तरी पुष्कळ झालं असतं. आज तपास अधिकारी सकाळी गणपतीच्या बंदोबस्ताला असतो, दुपारी मंत्र्याच्या दौऱ्याला, आणि आरोपपत्र लिहितो ते रात्री, दोन पोलीस शिपायांच्या मदतीनं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलला खरा, पण बदल्यांचा दोर सरकारच्या हातून फारसा सुटला नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे, मात्र राज्यांना ते सुरू करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. माणसाला जामीन नाकारणाऱ्या कलमाला अशी मुदत कधी दिल्याचं ऐकिवात नाही.

लोकल खटल्यात राज्य सरकार तीन दिवसांच्या आत सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं होतं, आणि न्यायालयानं तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. अपिलाची ही तत्परता चांगलीच. पण २००६ च्या जुलैत माहीम आणि बोरिवलीच्या फलाटांवरून जे गोळा केलं गेलं नाही, ते दिल्लीत नव्यानं सापडणार नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. सुरक्षेचं पुढचं विधेयक सभागृहात येईल तेव्हा त्याच्यासोबत एक पानभर तक्ता ठेवला जावा: आधीच्या कडक कायद्यांखाली किती धरले, किती शिक्षा टिकल्या, किती तपास अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळेत किती नमुने पडून आहेत, किती गस्ती बोटी आज पाण्यात आहेत. तक्ता हिवाळी अधिवेशनातही मांडता येईल. अडचण एवढीच, की ज्यानं तो भरून द्यायचा आहे तो फौजदार त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात नसेल. अधिवेशनाच्या बंदोबस्तासाठी त्याला नागपूरला बोलावलेलं असेल.